कृष्णकांतच्या बॅगेतली पिसं

रविवार, १ मे १९८३

धरमपेठेत ट्रेकिंग क्लबची मीटिंग झाली. जे झालं ते असं:

१. जूनच्या हिमाचल ट्रेकसाठी मुलींची एकच जागा उरली होती. ती मला मिळाली.
२. मी गळले तर वेटिंगवरची प्रेमिला जाईल.
३. पंधरा तारखेला लीडर मारोतराव प्रत्येकाची भरलेली सॅक उचलून पाहणार. जड निघाली तर नाव कापणार.
४. क्लबच्या स्लीपिंग बॅगा कापसाच्या आहेत. एकेक चार किलोची.
५. कृष्णकांतने त्याची पिसांची हलकी बॅग मला देऊ केली. मी मागितली नव्हती.
६. न मागता कुणी कुणाला काही देत नाही.

सहावा मुद्दा घटना नाही, मत आहे. तरी राहू देते. बरोबर आहे.

मंगळवार, ३ मे, संध्याकाळ

कृष्णकांत बॅग घेऊन आला. मनालीत एका परदेशी ट्रेकरकडून घेतली म्हणे. पिशवीत कोंबली की दुधीभोपळ्याएवढी होते. आईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर टाकली. सव्वा किलो. सव्वा किलोत माणूस गरम राहूच शकत नाही. मी डिप्लोमा होल्डर आहे, मिलच्या लॅबमध्ये रोज कापसातला ओलावा मोजते. मला वजन शिकवू नये.

आई म्हणाली, "हे तं उशी आहे वं गोपे! माणूस कुठी झोपते याच्यात?"

कृष्णकांत हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "फक्त एक करा, हिला ओल लागू देऊ नका." आधीच सूचना देणारा माणूस नंतरच्या सबबीची सोय करून ठेवत असतो.

संशयास्पद बाबी आणखी. इस्त्रीचा शर्ट. चहा दोनदा घेतला. क्लबात सगळे मला गोपिकाताई म्हणतात, हा नुसतं गोपिका म्हणतो. शिस्त नाही.

ठरवलं: टेस्ट केल्याशिवाय बॅग न्यायची नाही. भावनेचा प्रश्न नाही. भावना नाहीच.

शुक्रवार, ६ मे

अडचण: नागपुरात सध्या थंडी नाही. गच्चीवर रात्रीसुद्धा फरशी चटके देते. अशा हवेत थंडीची टेस्ट कशी घ्यायची, यावर लॅबमध्ये विचार केला. उत्तर सोपं निघालं. कूलर.

रविवार, ८ मे, दुपार

टाकी काठोकाठ भरली. वाळ्याच्या ताट्या चांगल्या भिजवून घेतल्या. कूलर फुल स्पीडवर. समोर सतरंजी, सतरंजीवर बॅग, बॅगेत मी. चेन गळ्यापर्यंत.

पहिल्या दहा मिनिटांत घामाने निथळले. हे निरीक्षण धरत नाही. घाम माझा होता, बॅगेचा नव्हता.

शेजारच्या इंदूबाई विरजण मागायला आल्या. दारातूनच ओरडल्या, "अवं माय! पोरीले बांधून काहून टाकलं?" आई म्हणाली, "बांधलं नाही जी, ते हिमालयात जाऊन राहिली." इंदूबाई विरजण न घेताच गेल्या. आता गल्लीभर होईल. होऊ दे.

मंगळवार, १० मे

टेस्ट चालू आहे. मी लॅबला जाते तेव्हाही बॅग कूलरसमोर पसरून ठेवते. पंख्यातून तुषार येतात, त्यामुळे गारवा अधिक अस्सल.

निकाल धक्कादायक. आधी फुगवटा वीतभर होता, आता चार बोटं. आत गुठळ्या. हात फिरवला तर गव्हाच्या पोत्यात बटाटे असल्यासारखं लागतं. अशी ओल कापूस धरतो, हे मी रोज पाहते. म्हणजे आत कापूस मिसळला आहे.

शिवणीतून एक पीस ओढून काढलं. कोंबडीच्या पिसाला मधे काडी असते. याला काडीच नाही, नुसता मऊ पुंजका. काडी नाही म्हणजे पीस नाही. फसवणूक सिद्ध.

कोणी केली, हे अजून ठरायचं आहे. परदेशी ट्रेकरने किंवा कृष्णकांतने. माझा कल स्थानिक माणसाकडे.

बुधवार, ११ मे

क्लबात कृष्णकांतने विचारलं, "कशी वाटते बॅग?" मी म्हणाले, ठीक. त्यावर लगेच, "पाणी वगैरे तर नाही ना लागलं?" निर्दोष माणसाला हा प्रश्न का सुचावा?

मागून प्रेमिला आली. म्हणाली, "टेन्शन नको घेऊ वं. तुले नसन जमत तं मी आहोच." दोघं नंतर पायऱ्यांवर बोलत उभे होते. हसतही होते. आता सगळं जुळतं. बोगस बॅग मला द्यायची, मी गारठून आजारी पडायची, प्रेमिलाने जागा घ्यायची. योजना वाईट नाही. पण मी लॅबवाली आहे हे ते विसरले.

मी काही बोलणार नाही. बॅग दुरुस्त करून, हलकी सॅक भरून, पंधरा तारखेला समोर ठेवीन. बस.

गुरुवार, १२ मे

गुठळ्यांचं काय करायचं ते आईने एका वाक्यात सांगितलं. "गाद्या दरसाल पिंजतोच नं आपण? हेही पिंजून आण." आईची तांत्रिक समज चांगली आहे. मला हे आधी का सुचलं नाही कळत नाही.

शुक्रवार, १३ मे

अर्ध्या दिवसाची रजा टाकून इतवारीत गेले. पिंजाऱ्याने बॅग चिमटीत धरून विचारलं, "ये कौन सी रुई है बाई?" मी म्हणाले, मिलावटी. शिवण त्याला मीच उसवायला लावली. सगळा माल एकदम मशीनमध्ये टाक, असंही मीच सांगितलं. म्हणजे हयगय नको.

पुढचं थोडक्यात. मशीन सुरू झालं आणि गल्ली पांढरी झाली. समोरच्या कापडवाल्याच्या ताग्यांवर, हातगाड्यांवर, पेढ्यांच्या परातीवर, एका म्हाताऱ्याच्या टोपीवर. "उड गया, बाई, सब उड गया!" पिंजारी ओरडत होता आणि दोन्ही हातांनी हवा पकडत होता. कापडवाला मला उद्देशून काय म्हणाला ते इथे लिहीत नाही.

निम्म्याहून जास्त गेलं. उरलेलं पिंजाऱ्याने परत आत भरलं. बॅग रिकामी वाटली म्हणून वरून रुई ठासली, टाके घातले. "एकदम मस्त गद्दी बनी," म्हणाला.

घरी काट्यावर टाकली. चार किलोला थोडी कमी.

नोंद: आता तिच्यात कापूस आहे. माझा निष्कर्ष बरोबर ठरला. फक्त तारीख मागेपुढे झाली.

शनिवार, १४ मे

उपाय: दुसरा स्वेटर काढला. ताट-वाटी काढली, वाटी पुरे. टॉर्च काढला. सॅक तरीही आईने दोन्ही हातांनी उचलली आणि खाली ठेवली.

मारोतराव अंदाजानेच वजन पाहतात. अंदाज चुकू शकतो.

रविवार, १५ मे

अंदाज चुकला नाही.

मारोतरावांनी सॅक गुडघ्यापर्यंत उचलली आणि म्हणाले, "काय वं पोरी, घरची गादी घेऊन आली का?" सगळे हसले. त्यांनी बॅग बाहेर काढून दाबली. मग माझ्याकडे न पाहता कृष्णकांतला म्हणाले, "मी तुले म्हटलं होतं ना गा, देऊ नको आपली बॅग! तिच्यापायी तू कॅमेरा घरी ठेवून राहिला, अन् हे पाह्य."

तेव्हा मी त्याची सॅक पाहिली. वर क्लबची चार किलोची बॅग बांधलेली. तेवढं वजन भरून काढायला त्याने कॅमेरा ठेवून दिला होता. कॅमेऱ्याशिवाय त्याला क्लबात कुणी पाहिलेलं नाही.

नाव कापलं. प्रेमिला जाईल. ती आनंदाने नाचली नाही. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तुह्या केसात काहीतरी आहे," आणि हळूच काढलं. पीस होतं. बिनकाडीचं.

कृष्णकांतने गादी झालेली बॅग गुंडाळून माझ्या हातात दिली. रागावलेला दिसला नाही. हे जास्त त्रासदायक आहे. याला माझ्याकडे काही टेस्ट नाही.

सोमवार, १६ मे

संध्याकाळी लॅबमध्ये चांगल्या प्रतीच्या पिसांबद्दल पुस्तकात शोधलं. त्यांना काडी नसते. ओल त्यांना सर्वांत वाईट, गुठळ्या होतात. कूलर बंद केला. आई म्हणाली, "जीव जाईन वं गर्मीनं." तरी बंदच ठेवला.

उद्या देण्याच्या चिठ्ठीचा मसुदा:

श्री. कृष्णकांत यांस,

तुमची बॅग मी बिघडवली. कूलरसमोर ठेवली, नंतर पिंजून आणली. तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तुमच्याबद्दल मनात जे धरलं होतं तेही चूक निघालं. ते इथे लिहीत नाही. बॅग आता गादी म्हणून उपयोगी आहे, हवी असल्यास पोचवते. ट्रेकला कॅमेरा जरूर न्यावा. माझं वजन आता कुणाला उचलायचं नाही.

एक खुलासा हवा आहे. मी मागितलेली नसताना बॅग मला का दिलीत?

उत्तर शुक्रवार, २० मेपर्यंत द्यावे.

गोपिका