पान आलं, थ्रेड उठला नाही

४ नोव्हेंबर, मंगळवार

टेस्टमध्ये मशीन अडकते म्हटलं, तर जगदीश सर म्हणे, "तुझ्याकडे नेटवर्कचा इश्यू असेल." सगळ्या टीमसमोर! टेस्ट चालते ऐरोलीच्या सर्व्हरवर, किन्हवलीत माझ्या पडवीत नाही. आणि हे माझ्या साहेबाला माहीत नाही? पाच वर्षं त्यांच्या हाताखाली काम करतेय! पण बाई गावात बसून काम करते म्हटल्यावर खोट तिच्याच वायरीत असणार. ठरलेलंच.

फोन आपटला तर आई दारात, हातात सूप.

"कोनाशी भांडतेस गो? तिकडं मानूस तरी हाय का?"

नाही. साहेब आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज नीट लिहून काढते. डोकं तरी थंड होईल.

एका सर्व्हरवर चालू असलेली व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या पोटातला जणू दुसरा कॉम्प्युटर, बंद न करता दुसऱ्या सर्व्हरवर न्यायची, हे आमचं काम. आम्ही ती आधी नव्या जागी चालू करतो. तिची मेमरी मागून येते, एकेक पान, म्हणजे एकेक छोटा तुकडा करत. मशीनमधल्या एखाद्या थ्रेडला, म्हणजे आत चालू असलेल्या एखाद्या कामाला, अजून न आलेलं पान लागलं की तो अडतो. मग ते पान मागवायचं, तोवर थ्रेडला झोपवायचं, पान आलं की सिग्नल देऊन उठवायचं. एवढंच!

पण कधीकधी पान भलतंच लवकर येतं. थ्रेड अजून झोपायच्या बेतात असतो आणि तेवढ्यात सिग्नल येऊन जातो. ऐकायला कोणी नसतं. त्यानंतर हा झोपतो तो झोपतोच. पान आलेलं आहे आणि हा त्याचीच वाट बघतोय! मशीन ठप्प.

तो भाग टीममधल्या ऋतिकने लिहिलाय. उपाय छोटा आहे: झोपायच्या आधी पान आलंय का ते बघायचं, आणि बघणं आणि झोपणं यांच्यामध्ये सिग्नल घुसू द्यायचा नाही. मी दुरुस्ती करून पाठवलीय. आणखी काही दिवस तपासायला हवी, बस्स.

आणि रविवारी रक्तपेढीच्या मशिनी हलवायच्यात. रक्तपेढीच्या!

६ नोव्हेंबर, गुरुवार

ऋतिकला फोन केला. "हो मॅडम, मला पण एकदा हँग झालेलं दिसलं होतं."

मग मंगळवारी तोंडात काय मूग भरले होते?

तर म्हणतो, "डिसेंबरात माझं लग्न आहे मॅडम. आत्ता नोकरी गेली तर?"

भित्रा! याला मी काम शिकवलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

फोनवर ऐकत नाहीत ना? गेलेच ऑफिसला. घरी भाताची झोडणी चाललीय, आई एकटी, तरी गेले. शहापूरपर्यंत एसटीत उभी, पुढेही उभीच. पोचले तेव्हा सर कॅन्टीनमध्ये. ताटाशेजारी जाऊन उभी राहिले.

"लाखातून एकदा होतं ना, अनिता?"

"सर, चालू मशीनला लाख पानं लागायला किती वेळ लागतो? चहा पिऊन होईपर्यंत तेवढी लागतील!"

सर भात कालवू लागले. मग हळूच म्हणाले, "तुझं बरोबर असेलही. पण क्लायंटला रविवारचा शब्द दिलाय. नवीन कोड आत्ता नको."

बरोबर असेलही! म्हणजे कळलंय यांना. कळलंय आणि तरीही! ऋतिक समोरच बसला होता. मान वर केली नाही. मी म्हटलं, "तू तरी बोल रे." तो ताट उचलून निघून गेला.

"जेवून जा," सर म्हणाले. मी जेवले नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

झालं. व्हायचं तेच झालं.

दुपारी खळ्यावर होते. सरांचा फोन. दोन मशिनी नीट हलल्या, तिसरी अडकली. तीच, जिच्यात कोणत्या रुग्णाला कोणतं रक्त जुळतं त्याच्या नोंदी आहेत. रक्ताच्या पिशव्या फ्रीजमध्ये भरलेल्या, पण जुळणीची नोंद उघडेना, आणि नोंदीशिवाय पिशवी देता येत नाही. तिकडे हॉस्पिटलात एक बाळंतीण टेबलावर. रक्त थांबत नव्हतं.

"अनिता, काय करू?" तोच माणूस! शुक्रवारी भात कालवत होता तो!

ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. म्हटलं, मशीन जबरदस्तीने बंद करून पुन्हा सुरू करा, आणि रक्तपेढीला सांगा हाताने पुन्हा जुळणी करा, आमची वाट बघू नका. पाऊण तास गेला.

बाई वाचली. मूलही.

फोन ठेवल्यावर मी पेंढ्यावर बसले आणि रडले. रागाने. आई पाण्याचा तांब्या ठेवून गेली.

१० नोव्हेंबर, सोमवार

जगदीश सरांनी रक्तपेढीच्या लोकांना काय सांगितलं? "आमच्या तपासणाऱ्या मॅडमकडून निसटलं. त्या गावाहून काम करतात, थोडं होतं असं."

निसटलं!!

११ नोव्हेंबर, मंगळवार

नोकरी सोडायची. आईला सांगून टाकलं. "सोड मंग," म्हणाली, "आमी काय उपाशी हाव?"

१२ नोव्हेंबर, बुधवार

रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाईंसोबत कॉल. सरांची तीच टेप सुरू. मी माइक उघडणार, तेवढ्यात ऋतिकचा आवाज आला.

"डॉक्टर, तो कोड माझा आहे. मॅडमना दोष सापडला होता, त्यांनी दुरुस्तीही दिली होती. शुक्रवारी त्यांनी सरांना सांगितलं तेव्हा मी समोर बसलो होतो. सर म्हणाले, बरोबर असेलही. मी पण गप्प बसलो."

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ती बाळंतीण बावीस वर्षांची आहे."

कॉल बंद झाला. काय काय बोलले होते मी त्याला! भित्रा म्हणाले होते. आज मला सरांना जे तोंडावर सांगायचं होतं ते त्याने सांगितलं, सगळ्यांसमोर, आणि लग्न तोंडावर असताना.

सरांवरचा राग मात्र तसूभर कमी नाही. राजीनामा शुक्रवारी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ऋतिकला काढलं. जगदीश सर आहेत तिथेच आहेत. सकाळी त्यांचाच फोन आला. टीम आता तू सांभाळ, दुरुस्ती तुझ्याच नावाने जाईल, म्हणाले.

मी विचार करायला वेळसुद्धा मागितला नाही. मी हो म्हणाले.