डाळीएवढ्या सासूबाई

शिरूर. भाद्र. शु. १०, मंगळ.
आलं: फोटोचा कागद १ पाकीट, फोटो धुवायची औषधं डेव्हलपर, हायपो. कुरियरसकट ११४०. म्हणजे तेलाचा डबा पुढच्या महिन्यावर. स्टुडिओ बंद करून किती वर्षं झाली, ह्यांची हौस काही फिटत नाही. फोटो धुवायला अंधार हवा म्हणून न्हाणीच्या खिडकीला माझं घोंगडं ठोकलंय. लाल बल्ब. आंघोळी उजाडायच्या आत उरका म्हणे.
कारण खरं आहे. सासूबाईंची एकुलती एक निगेटिव्ह, मधे हरवलेली, ट्रंकेत पुन्हा सापडली. चार बायका उभ्या. उजव्या टोकाची आई, असं हे लहानपणापासून धरून आहेत. त्या गेल्या तेव्हा हे चार वर्षांचे, वन्सं तान्ह्या. अहेव गेल्या, सासऱ्यांच्या आधी, म्हणून अविधवा नवमीला सवाष्ण घालते. यंदा पानाजवळ फोटो ठेवायचा.

शु. १२, गुरु.
कॉन्टॅक्ट प्रिंट झाला. कागदावर निगेटिव्ह दाबून धरायची, जेवढी ती तेवढाच फोटो. चेहरा हरभऱ्याच्या डाळीएवढा. भिंग लावून, "बघ, पापण्या दिसत्यात." मला नाही दिसल्या.
वन्सं कोरेगावहून आल्या. "दादा, डाळीएवढ्या आईला हार कुठं घालू?"
"मोठा केला का चेहरा फुटतो."
"फुटू दे. मी वळखीन की."
"तू तवा पाळण्यात व्हतीस!"
चहा न घेता गेल्या. फ्रेम मात्र सांगून ठेवलीय.

शु. १४, शनि.
माळ्यावरचा एन्लार्जर, फोटो मोठा करायचं यंत्र, उतरवला. कोळिष्टकं मी काढली. दोन कागद वाया. मी दार उघडलं म्हणून म्हणे. अहो, दूध उतू जात होतं, किती हाका मारायच्या!
तिसरा जमला. नुसती टोकाची बाई, वहीच्या पानाएवढी. चेहरा रव्यासारखा. पण कपाळ स्वच्छ. कुंकू नाही.
"धुण्यात गेलं आसंल."
"बाकी तिघींचं राहिलं आणि हिचंच गेलं?"
भिंग घेऊन लहान फोटो बघितला. तिघींना ठिपका. हिला नाही. हे पाटावर बसले ते बसलेच. जेवले नाहीत.

पौर्णिमा, रवि.
टोकाची म्हणजे ह्यांच्या विधवा आत्याबाई असतील का? ह्यांना त्यांनीच वाढवलं. पण तरुणपणी कशा दिसायच्या, कोणाला माहीत.
वन्संचा फोन. फ्रेम तयार. ह्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, कागद वाळतोय अजून. खोटं बोलले, देवा.
हे म्हणतात, "बारक्यात ती माझी आईच हाय. मोठ्यात न्हाई."
एकाच निगेटिव्हमधून दोन बायका कशा निघतील! डोकं उठलं.

व. १, सोम.
सासूबाईंना पाहिलेलं माणूस एकच उरलंय, ह्यांच्या दौंडच्या मामी. कानांनी ऐकू येत नाही, फोनचा उपयोग नाही. मोबाईलवर पाठवला तर बोट लागलं की फोटो पळतो. म्हणून स्पीड पोस्ट. हे म्हणाले, फक्त बारका पाठव. मी दोन्ही घातले, ह्यांना न सांगता.
पत्राची नक्कल:
"ती. मामींस सा. न. नवमी जवळ आली आहे. लहान फोटोतल्या ज्या बाईवर तुमची नजर थांबेल, तिच्या कपाळाला कुंकवाचं बोट लावावं. मोठ्या फोटोतली कोण, तेही कोणाकडून लिहून घ्यावं. हे रोज दारात पोस्टमनची वाट बघतील. दोन्ही फोटो उलटटपाली परत पाठवावे."