बनाबाईच्या समोर कोण बसणार

निरवांगी,
मार्गशीर्षातला गुरुवार, १९९८

चि. नागेशराव साहेब यांना (पुण्यात खोलीत बसून टेलिफोनच्या तारेतून परदेशातल्या माणसांशी पत्ते खेळणाऱ्या नातवाला नुसतं नागेश म्हणायची भीती वाटते, म्हणून राव आणि साहेब दोन्ही लावले) रतनआजीचा आशीर्वाद. आम्ही सगळे धडधाकट आहोत. माझा गुडघा दुखतो, पण तो तुझ्या जन्माआधीपासून दुखतोय, त्यात नवीन काही नाही. तुझी तब्येत कशी आहे? जेवायचं ताट कॉम्प्युटरपुढं घेऊन बसतोस असं ऐकलं. कुणाकडून ऐकलं ते विचारू नको.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या त्या ब्रिजच्या साईटवर भांडण लागलंय, की खेळणाऱ्याच्या नावापुढं त्याचा आकडा असावा की नसावा. आणि तू असावा म्हणणाऱ्यांत. चांगला कोण, कच्चा कोण, हे आधी कळलं म्हणजे बरोबरीचे बरोबरीत बसतात, असं तुझं म्हणणं. वृषालीबरोबर, सख्ख्या बायकोबरोबर, खेळून तुझा आकडा पडला, म्हणून हल्ली जोडीला तिला घेत नाहीस, हेही त्यातच लिहिलंस, जसं काही बियाणं बदललं. शेवटी हसण्यावारी विचारलंस, आजी तुला काय वाटतं. मी हसण्यावारी नेणार नाही. कारण दिवाळीला येऊन हाच उद्योग तू आमच्या मेंढीकोटात करून गेलास, आणि पुढं काय झालं ते तुला ठाऊक नाही.

सिद्धूच्या गिरणीच्या ओट्यावर आमची दुपारची बैठक तू पाहिलीसच. मी, माझा चुलतदीर सोनबा, बनाबाई आणि तिचा भाऊ झुंबर. लाईट येईपर्यंत खेळायचं, आली तरी खेळायचं. तू चौघांची नावं खडूनं गिरणीच्या भिंतीवर लिहिलीस, जिंकला की आकडा वर, हरला की खाली, असं समजावलंस आणि एसटीत बसून मोकळा झालास. आठवड्यात सोनबा सगळ्यांच्या वर गेला. वर गेला आणि खेळायचाच बंद झाला! रोज यायचा, भिंतीकडं बघायचा, तंबाखू मळायचा. बस म्हटलं की, "आज कंबर धरलीया वैनी." खेळला तर आकडा खाली येईल, म्हणून मांडी घालायचीच नाही. झुंबरची दुसरी तऱ्हा. पानं चांगली आली तर बसायचा, वाईट आली की मधेच उठायचा, "म्हस सुटली वाटतं." त्याच्या दावणीला म्हस नाहीच, तरी अख्ख्या कार्तिकात ती रोज सुटत होती. आणि बनाबाईच्या समोर बसायला कुणीच तयार नाही. जो तिचा जोडीदार तो खाली, हे भिंतीवर लिहिलेलंच होतं.

एकदा ती भिंतीपाशी उभी राहिली. तिला वाचता येत नाही. मला म्हणाली, "रतने, माजं काय लिवलंय गं?" मी म्हटलं, "खालनं पयली हायस." ती हसली. म्हणाली, "मंजी सापडायला सोपी." दुसऱ्या दिवसापासून आली नाही. मेथी खुरपायची आहे म्हणाली. एवढी मेथी अख्ख्या इंदापूरच्या बाजारात खपली नसती.

बनाबाई वाईट खेळते, हे मला तुझ्या खडूनं सांगायला नको. मेंढ्या घेऊन कोकणात उतरायचो तेव्हापासून वाईट खेळते. (या खेळात दश्शीला मेंढी म्हणतात. दिवसभर खरी राखायची आणि बसलं की कागदाची, असा आमचा जन्म.) आमच्या कॅटमध्ये बदामाची सत्ती हरवलेली, तिच्या जागी बिडीच्या पुड्याचा तुकडा. तो कुणाच्या हातात आहे हे पाठीमागूनच दिसायचं, पण दिसलं म्हणायचं नाही, अशी रीत. दुसरी रीत, कच्चा गडी जाणत्याच्या समोर बसवायचा. त्यात जाणत्याचा कस लागतो आणि कच्च्याचं मन राहतं. बरोबरीचे बरोबरीत बसवले असते तर बनाबाईला समोर फक्त मेंढरंच मिळाली असती.

घाटाखाली एकदा तुझ्या बापाला ताप भरला, तेव्हा तो रांगत होता. तुझे आजोबा बाजाराला गेलेले. बाकीचा तळ पुढं हलला, मेंढरांना चारा पाहिजे, कोण थांबणार? बनाबाई थांबली. पोर माझ्या मांडीवर, आणि ही समोर पोत्यावर पत्ते पिसत बसली, दोघींचाच डाव. ताप उतरेपर्यंत माझ्याशी हरत राहिली. पानं वाईट आली म्हणून उठली नाही. हे तुझ्या आकड्यात कुठं बसतं ते साईटवाल्यांना विचार. कोण किती हात करतो ते त्यांच्या यंत्राला कळतं. कोण उठून जात नाही ते कळतं का?

तर गेल्या सोमवारी मी भिंतीवरनं शेणाचा पोतेरा फिरवला. सिद्धू ओरडला, "म्हातारे, चुना लावला व्हता की!" मी म्हटलं, सारवल्याचे पैसे मागत नाही हेच नशीब समज. मग बनाबाईच्या शेतात गेले. ती वाफ्यातून मान वर करीना. "मला नगं बोलवू. तुजा आकडा पडंल." मी म्हटलं, "आकडा शेणाखाली गेला. ऊठ." आली. हातपाय न धुता आली. मी तिच्या समोर बसले, आणि पहिल्याच डावात तिनं आपल्याच हुकमानं माझी, म्हणजे स्वतःच्या जोडीदाराची, दश्शी मारली.

तेव्हा माझं म्हणणं असं, की तुमच्या साईटवर आकडा नको. असलाच तर ज्याचा त्यानं पोटात ठेवावा, कपाळावर लावू नये. कळावे.

तुझी
रतनआजी

ता. क. पोतेरा फिरवायच्या आधी मी भिंत नीट बघून घेतली होती. सोनबाच्या खालोखाल मीच होते. अगदी थोड्यासाठी पहिला नंबर हुकला. सहज सांगितलं.

ता. क. दुसरा. त्या सोमवारच्या डावानंतर सोनबा लेकीकडं सणसरला गेलाय आणि झुंबरनं आता खरंच म्हस घेतलीय, तो येत नाही. दोन माणसं कमी पडतात. संक्रांतीला दोघंही या. तू जाणता, तेव्हा रीतीप्रमाणं तू बनाबाईच्या समोर बसायचं. मी वृषालीला घेणार. तू सोडल्यापासून ती कुठल्याशा हॉलंडच्या म्हाताऱ्याबरोबर खेळते आणि तिचा आकडा तुझ्याही वर गेलाय. हे तुला सांगू नका म्हणाली होती.