बिनसाखळीचे हत्ती

प्रिय ठोंब्या,

पाकिटावर मावशीचं अक्षर बघून तू हे फोडलं असशील. पत्ता मुद्दामच तिच्याकडून लिहून घेतला. माझं अक्षर दिसलं असतं तर पाकीट तसंच कपाटावर भिरकावलं असतंस, आणि त्यावर मला बोलायला तोंड नाही. पण आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच, मधेच टाकून देऊ नकोस. बघ, लागले लगेच हुकूम सोडायला! तू मला मुकादम म्हणायचास ते काही उगाच नाही.

आधी कामाचं सांगते. बाबांना रानातले हत्ती बघायचेत आणि त्यासाठी तू यायला हवंस. पुढच्या महिन्याची अठरा तारीख. डॉक्टरीणबाई तोंडावर बोलणाऱ्या आहेत. म्हणाल्या, ब्याऐंशीचं वय, हृदय पाव हिश्शानं चालतंय, न्यायचं तर या उन्हाळ्यात न्या, पुढच्याचं मला विचारू नका. बाबा शेजारीच बसले होते. कुणा तिऱ्हाइताबद्दल चाललंय अशी त्यांनी नुसती मान डोलावली, आणि बाहेर आल्यावर रिक्षात बसता बसता मला विचारलं, तळ्याला पाणी असेल ना गं तोवर?

मी काय काम करते ते मावशीनं तुला सांगितलं असेलच. लोकांच्या खासगी सफारी आखून देते. आमचं ऑफिस म्हणजे छापखान्यावरची एक खोली, दोन टेबलं, फक्त साहेबांकडेच वळणारा एक पंखा आणि भिंतभर नकाशा. त्या टेबलाशी बसून मी लोकांना बिबटे दाखवले, मगरी दाखवल्या, नव्या जोडप्यांना एकांत दाखवला. स्वतः मात्र रानात एकदाही पाय ठेवलेला नाही. गिऱ्हाइकं विचारतात, ताई, तुमचं आवडतं रान कुठलं हो? मी देते काहीतरी ठोकून.

तीन महिन्यांपूर्वी असेच एका गिऱ्हाइकाचे कागद मी घरी आणले होते. वरच हत्तींच्या कळपाचा फोटो होता. बाबांनी भिंग मागितलं. हत्तीचं चित्र दिसलं की ते आधी पाय बघायचे, आठवतं? अजूनही तसंच आहे. एकेका हत्तीचा एकेक पाय भिंगाखालून तपासला आणि म्हणाले, 'यांच्या पायात काहीच नसतं का गं?' अरे, या माणसानं बावीस वर्षं प्राणिसंग्रहालयाच्या हत्तीखान्यात काढली, आणि रानातला मोकळा हत्ती म्हणून आयुष्यात एकही पाहिला नाही! मी इतकी वर्षं दुसऱ्यांचा बाडबिस्तरा बांधत बसले आणि हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मग फोटो खाली ठेवून बाबा म्हणाले, जाऊ या. तो आला तर जाऊ या.

तेव्हा नीट ऐक. त्यांना मोठ्या गाडीत दहा जणांत कोंबायचं नाही. ती गाडी बिबट्याच्या मागे उधळत सुटते आणि हाडं खिळखिळी करते. मी खासगी जीप घेतली आहे, ती तुम्ही म्हणाल तिथे आणि म्हणाल तितका वेळ उभी राहील. सकाळची फेरी धरलेलीच नाही, गार वारा त्यांच्या छातीला सोसत नाही. दुपारी तीनची तेवढी घ्यायची. उन्हाळा सरत आला की आतली डबकी आटतात आणि कळप मोठ्या तळ्यावर उतरतात, साधारण चार ते साडेपाचच्या सुमारास. ड्रायव्हरला मी बजावलंय, तळ्याच्या अलीकडे सावलीत गाडी लावायची आणि इंजिन बंद करायचं. तू बाबांच्या डाव्या हाताला बस, उजवा कान पार गेलाय. लघवीची गोळी सकाळी सातला, दुपारी विसरूनसुद्धा द्यायची नाही. रानात गाडीतून उतरू देत नाहीत, आणि बाबा अवघडून बसतील पण तोंडानं सांगायचे नाहीत. जिभेखालची गोळी तुझ्या शर्टाच्या खिशात ठेव, बॅगेत नको. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर मागच्या सीटखाली असेल. टोपी घाला म्हटलं की ते चिडतात, म्हणून आधी तू घाल. खोली तळमजल्यावरची आहे, न्हाणीघराला उंबरा नाही, मी दोनदा फोन करून विचारलं.

थोरली आठवते का, असं तुला विचारणं म्हणजे कहरच. बाबा त्या हत्तिणीला थोरली म्हणायचे, म्हणून मी घरातली दुसरी आणि तू शेंडेफळ. आई फणकारायची, की माणसाच्या लेकरांआधी ही हत्तीण मोजतात. थोरली सोंडेनं तुझ्या डोक्यात टपली मारायची आणि तू जागचा न हलता उभा राहायचास, त्यावरूनच तर तुला ठोंब्या म्हणायला लागलो. शाळा सुटली की दप्तरं टाकून आपण आधी तिच्याकडे पळायचो. तिच्या पोटाखाली उभं राहिलं की आतून गुडगुड ऐकू यायची. तू म्हणायचास, हिच्या पोटात गिरणी आहे. मला अजून कधी पिठाच्या गिरणीवरून जाताना हसू येतं, आणि मग पुढचं सगळं आठवतं.

हत्तीखान्याचा नेम तुला माझ्याहून पक्का ठाऊक. संध्याकाळी बागेचं फाटक बंद झालं की तिच्या मागच्या पायाला साखळी, कडीत खीळ, आणि मग साखळी दोनदा ओढून बघायची. एकदा आपल्यासाठी, एकदा थोरलीसाठी, असं बाबा म्हणायचे. दोनदा ओढल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. त्या आठवड्यात बाबा तापानं फणफणले होते आणि साखळीचं काम त्यांनी तुझ्यावर सोपवलं होतं. तू सोळाचा होतास, मी अठराची. तू घरी आलास तेव्हा बाबांनी अंथरुणातूनच विचारलं होतं, ओढली का? आणि तू ऐटीत दोन बोटं वर केली होतीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली बाहेर पडली. बाजाराच्या रस्त्यानं गेली, दोन हातगाड्या उलटल्या, एका बाईचा हात मोडला, आणि मग शाळेच्या भिंतीला लागून कान हलवत उभी राहिली. कुणाला मारायला निघाली नव्हती रे ती, बावरली होती बिचारी. बाबा तापातच धावत सुटले आणि त्यांनी लांबूनच तिला हाक मारली. हाक ऐकून ती त्यांच्याकडे वळली, आणि ती वळत असतानाच बंदुका घेऊन आलेल्या पोलिसांनी तिला गोळ्या घातल्या. हे तूही पाहिलंस आणि मीही पाहिलं. घरात पुन्हा कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

एकदाच काय तो काढला, त्याच दुपारी. बाबांनी तुला विचारलं, साखळी ओढली होतीस? तू म्हणालास, दोनदा ओढली होती. बाबांनी तुझ्या कानाखाली वाजवली. जन्मात कधी बोट न लावणारा माणूस! खोटं बोलतोस म्हणाले. तू पुन्हा सांगितलंस, परत एकदा सांगितलंस. दोन वर्षांनी घर सोडलंस. आई गेली तेव्हा आलास तोही दाराशीच उभा राहिलास, घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाहीस. बाबांना प्राणिसंग्रहालयानं तिकिटाच्या खिडकीत बसवलं. तिथे चौदा वर्षं पोरं त्यांना विचारायची, हत्ती कुठाय हो, आणि ते म्हणायचे, हत्ती नाही. घरी येऊन मला सांगायचे, आज अकरा जणांनी विचारलं. मी त्यांना चहा करून द्यायचे.

तू लिफ्ट तपासायचं काम करतोस असं मावशी म्हणाली. दोरखंड, ब्रेक, कड्या, सगळं ओढून बघतोस आणि तू सही केल्याशिवाय इमारतीत लिफ्ट हलत नाही म्हणे. हे ऐकलं त्या दिवशी मी ऑफिसातल्या मोरीत जाऊन नळ सोडून रडले. साहेबांना वाटलं, नळ गळतोय.

ठोंब्या, तू साखळी दोनदा ओढली होतीस. मला माहीत आहे, कारण त्या संध्याकाळी तू हत्तीखान्यातून निघाल्यावर मी आत गेले होते. थोरलीच्या घोट्याला साखळी घासून जखम झाली होती, ती मला आदल्या दिवशीच दिसली होती. मी घरातलं मलम नेलं आणि जखमेवर लावलं. साखळी पुन्हा तिथेच घासणार, म्हणून खीळ काढली, दोन कड्या सैल करून पुन्हा घातली. ओढून पाहिली नाही. ओढली तर तिच्या जखमेला लागेल असं वाटलं. एवढंच झालं. त्या सैल साखळीतून तिनं सकाळी पाय काढून घेतला. तुला कानाखाली बसली तेव्हा मी दारातच उभी होते आणि माझ्या बोटांना अजून त्या मलमाचा वास येत होता. मी तोंड उघडलं नाही. भ्याले. आधी म्हटलं, बाबा निवळले की सांगू. मग म्हटलं, आईचं दुखणं सरलं की सांगू. मग तू निघून गेलास आणि मला मेलीला चक्क हायसं वाटलं, कारण आता रोज तुझं तोंड बघावं लागणार नव्हतं. हेही लिहूनच टाकते. आज उद्या करता करता अडतीस वर्षं गेली.

तशी मेले असते तरी बोलले नसते कदाचित. पण सफारीला परवाना लागतो आणि परवान्यावर जाणाऱ्यांची नावं लागतात. मी तिघांची भरली होती. बाबांनी कागद मागून घेतला, भिंगानं तुझं नाव शोधलं, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, 'तळ्यापाशी गाडी थांबली की मी त्याला सांगणार आहे, माफ केलं बाबा तुला, विसर आता.' इतके खूश होते रे! मला विचारलं, 'बरं वाटेल ना गं त्याला?' मी भाजी निवडत होते. मरणाच्या दारात बसलेला माणूस तुला माफ करायला निघाला होता, आणि तेही माझ्यासमोर, माझ्याच हातानं भरलेल्या कागदावर बोट ठेवून. सुरी बाजूला ठेवली आणि सांगून टाकलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. सांगून झाल्यावर त्यांनी भिंग पुसलं, खिशात ठेवलं आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

तिसऱ्या दिवशी कागद पुन्हा मागितला, माझ्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, हे काढ. मग म्हणाले, त्याला लिही. मी काढलं आणि आता लिहिते आहे. परवान्याचा अर्ज काल गेला, त्यावर दोनच नावं आहेत, तुझं आणि त्यांचं. एकदा गेली की नावं बदलत नाहीत, हे इतकी वर्षं मीच गिऱ्हाइकांना बजावत आले. या वयाच्या माणसाला एकट्याला आत सोडत नाहीत, त्यामुळे तू आला नाहीस तर बाबांचंही राहिलं. ते आता माझ्या हातून गोळ्या घेत नाहीत आणि स्वतः घेताना चुकतात, परवा रात्रीची सकाळी घेतली. म्हणून वर एवढं सविस्तर लिहिलं, मुकादमगिरी म्हणून नव्हे. तू येशील तेव्हा मी घरी नसेन, चावी खालच्या शिंपीणबाईंकडे ठेवते. माफी मागत नाही, ते ओझं आणखी तुझ्यावर कशाला? फक्त ये. कळप तळ्यावर आला की बाबा सरसावून बसतील. हत्ती त्यांना दिसतील, पण गवतातले पाय आता दिसत नाहीत. ते तुला विचारतील, पायात काही आहे का? तू नीट बघ आणि नाही म्हणून सांग. दोनदा सांग. माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास बसायचा नाही आता, तुझ्यावर बसेल.

तुझीच, अजून तू म्हणू देत असशील तर,
मुकादम