एकाच नावाचे दोन आकडे

प्रिय रवी,

बहिणीची चिठ्ठी बघून घाबरू नकोस, सगळ्यांच्या तब्येती ठीक आहेत. दापोडीच्या आमच्या एवढ्याशा खोलीत फोनवर कुजबुजलं तरी तुझ्या दाजींना ऐकू जातं. आमच्या पॅकिंग खात्यातली जयमाला तुझ्याच रांजणगावला तिच्या भावाकडे निघाली आहे, तिच्या हाती ही देतेय.

मोशीच्या फ्लॅटचं कर्ज अडलंय. माझा पगार धरल्याशिवाय ते बसत नाही, म्हणून अर्जावर दोघांची नावं. दाजींनी आधीच मोबाईलवर माझा क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीचे गुण, बघितला होता, सातशे चौऱ्याहत्तर. एवढे हुरळले की त्याच दिवशी बिल्डरला एक्कावन्न हजार देऊन आले आणि चाळीत पेढे वाटले. बँकेत गेलो तर तिथल्या कागदावर माझेच सहाशे अठ्ठेचाळीस! दाजी म्हणाले, "अहो साहेब, बाई एक, पॅनकार्ड एक, मग आकडे दोन कसे?"

साहेब भला माणूस. त्यानं सांगितलं की कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत. कर्ज देणारा कुणाला काय आणि कधी कळवतो यावर सगळं असतं, शिवाय प्रत्येकीचं गणित वेगळं. एकीकडे माझं जुनं कर्ज नुसतं 'बंद' म्हणून लागलंय. दुसरीकडे पाच हप्ते चुकलेले आणि पुढे 'तडजोड' असा शेरा. त्यांची बँक बघते ती दुसरीच. आणि नोंद खरी असेल तर ती कुणी पुसत नाही म्हणे.

नोंद खरीच आहे रे. तू चाकणला ठेकेदाराकडे होतास, तुला कुणी कर्ज देईना. तुझ्या दाजींनी "नात्यात कर्ज नको" म्हणून हात वर केले, तेव्हा मी गुपचूप माझ्या नावावर तुझी मोटारसायकल घेतली. आपल्याकडे कोण नाही घेत? कंपनीत एका परमनंट माणसाच्या नावावर अर्ध्या लाइनीवरच्या कामगारांचे मोबाईल हप्त्यानं घेतलेले असतात. मग तुझं काम सुटलं आणि हप्ते थकले. फायनान्सवाल्यानं छत्तीसऐवजी बावीस हजारांत मिटवायची तयारी दाखवली. तू आनंदानं सांगत आलास, "ताई, चौदा हजार वाचवले!" मीही खुळी, तुझ्यासाठी पुरणपोळ्या केल्या. फेडणं आणि मिटवणं यात एवढा फरक असतो हे आपल्याला कुणी सांगितलं होतं?

मला तुझा राग येत नाही, तोच आला असता तर बरं झालं असतं. राग येतो तो माझा. साहेबानं विचारलं, ही गाडी कुणाची? मी तोंड उघडायच्या आत दाजी म्हणाले, "हिच्या नावावर कुठली गाडी? हिच्या आधारकार्डावर कुणीतरी घेतलीय." आणि मी गप्प बसले. वाटलं, घरी गेल्यावर सांगू. घरी त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "तू घाबरू नको साधना, मी आहे ना." त्यानंतर कसं सांगायचं, तूच सांग. रोज भाकऱ्या थापताना ठरवते, आज बोलायचंच. ते जेवायला बसले की नुसती आणखी एक भाकरी वाढते.

फ्लॅट गेल्यातच जमा आहे. बिल्डरला कर्जाचे पैसे द्यायची तारीख तीसची आहे, तोवर काही होत नाही. त्याचं रडणं मी रडून घेतलंय. पण दाजींनी आता फसवणुकीची तक्रार टाइप करून आणलीय. सोमवारी पहिली पाळी बुडवून पोलीस चौकीत जाणार आहेत. गाडीचा शोध लागला की पोलीस कुणाच्या दारात येतील, हे त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे, आणि माझ्याच्यानं बोलवत नाही.

म्हणून लिहितेय. रविवारी दुपारी ये, दाजी घरीच असतात. तीच गाडी घेऊन ये आणि तिचं आरसी कार्ड त्यांच्या हातात दे. त्यावरचं मालकाचं नाव तेवढं ते स्वतःच वाचतील.

तुझीच,
तोंड असून मुकी झालेली
साधनाताई