मुलांनी हात लावू नये

७ जुलै
तीर्थरूप दादास,
ठमीचा सा. न. वि. वि.

सगळे खुशाल असाल. वहिनीचा गुडघा कसा आहे? इथे शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि मी नुसती खडू झिजवते आहे. तुमच्या शिक्षण खात्याचं परिपत्रक आलंय: विज्ञानाच्या तासाला मुलांनी कोणत्याही साहित्याला हात लावू नये, प्रयोग पडद्यावर दाखवावेत. मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी प्रयोगशाळेला कुलूप ठोकलं.

गेल्या वर्षी सहावीत एक मुलगी होती. सहा महिने तोंडातून शब्द नाही. एक दिवस सेल, वायर आणि बल्ब तिच्या हाती दिला. बल्ब लागला तशी वळून तिनं विचारलं, सेल उलटा लावला तर काय होईल. मी म्हटलं, लावून बघ. तेव्हापासून प्रश्न विचारून माझं डोकं खाते. आता तिला काय सांगू? तू एवढा मोठा साहेब, कुणाच्या तरी कानावर घाल ना.

लोभ आहे तसाच असू दे.
तुझी ठमी

१९ जुलै
चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

वहिनीचा गुडघा कुरकुरतो, ती त्याच्याहून जास्त.

कुणाच्या कानावर घालू? तो मसुदा माझाच आहे. तुला सांगायचं धाडस झालं नाही. फेब्रुवारीत एका शाळेत तापवताना परीक्षानळी फुटली. सातवीतली मुलगी, उजवा डोळा गेला. चौकशीला मीच गेलो होतो. तिच्या आईनं एवढंच विचारलं, की हा प्रयोग केलाच नसता तर काय बिघडलं असतं. लहानपणी घरातलं घड्याळ खोलून बसणाऱ्या तुला काहीतरी उत्तर सुचलं असतं. मी परत आलो आणि ती ओळ लिहिली.

वर्षभर दम धर. निवळेल सगळं.

मनात किंतु ठेवू नकोस.
तुझा दादा

११ ऑगस्ट
तीर्थरूप दादास,
सा. न. वि. वि.

त्या आईचा प्रश्न खरा आहे. पण नळीला आधीच तडा नव्हता ना, हे कुणी पाहायचं होतं? मुलांच्या डोळ्यांवर चष्मे का नव्हते? चष्मे द्या म्हणून लिहिता आलं असतं, दादा. तू हात काढून घ्या म्हणून लिहिलंस.

दम काही धरवला नाही. सोमवारी वर्गाला व्हरांड्यात बसवलं आणि टॉर्चचे सेल वाटले. ज्योत नाही, आम्ल नाही. काच म्हणशील तर बल्बची. मुख्याध्यापकांनी पाहिलं. माणूस वाईट नाही, घाबरट आहे. त्यांनी वर कळवलं. फाइल तुझ्याच टेबलावर येईल.

माझ्यासाठी काही करू नकोस, असं म्हणणार नाही. कर. मला वर्गातून काढू नका, एवढंच.

वहिनीला नमस्कार, तुला काय ते कळतंच.
ठमी

२ सप्टेंबर
चि. ठमीस,
आशीर्वाद.

फाइल तीन दिवस टेबलावर होती. बहिणीला वगळलं आणि उद्या कुठे दुसरा डोळा गेला तर, हा विचार काही केल्या जाईना. मी सही केली. तुझी बदली परीक्षा विभागात झाली आहे.

तुझं चष्म्याचं म्हणणं बरोबर आहे. ते घेऊन मी वरिष्ठांकडे गेलो होतो. ते म्हणाले, परिपत्रक निघाल्यापासून एकही अपघात नाही, म्हणजे निर्णय योग्यच.

वहिनीला सांगितलं. ती उठून आत गेली. जेवायला हाक मारते, तेवढंच.

दोन ओळी तरी लिही.
दादा

२८ एप्रिल
तीर्थरूप दादास,
सा. न. वि. वि.

राग राहिलेला नाही. पत्र लिहायला बसलं की हात उचलत नव्हता, म्हणून एवढा उशीर.

इथे मोठी खोली आहे, लांब टेबलं, आम्ही चौदा जणी. कुणी कुणाशी फारसं बोलत नाही. या आठवड्यात सहावीचं विज्ञान तपासतेय. प्रश्न आहे: काठोकाठ भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवून पेला उलटा केला, तर पाणी का सांडत नाही? गठ्ठ्यातल्या सगळ्यांनी हवेच्या दाबाचं एकच वाक्य लिहिलंय, स्वल्पविरामासकट. एकानं फक्त एवढंच लिहिलंय, की खरंच सांडत नाही का, आम्ही कधी करून पाहिलं नाही.

नमुना उत्तराशी जुळत नसेल तर गुण द्यायचे नाहीत, असा नियम आहे. ती ओळ मी तीनदा वाचली. मग शून्य दिलं आणि पुढची उत्तरपत्रिका ओढली.

प्रकृतीला जप. लोभाचं तुझ्यावर सोपवते.
ठमी