डकोटाची डावी बाजू

मी, राधाकिशन आश्रुबा तिडके, वय वर्षे सत्त्याहत्तर, धंदा पत्रेकाम व अवजारदुरुस्ती (गुडघ्यांमुळे आता बंद), राहणार धारूर, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाखाली न येता, राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. दिपाली शिनगारे यांनी दिला आहे. डावा कान गेला आहे, पण त्याने मृत्युपत्राला बाध येत नाही असे वकील म्हणतात. मध्ये मध्ये मी जास्तीचे लिहीन. ते कुणी खोडू नये.

१. राहते घर व बँकेतली ठेव माझी पत्नी सिंधुबाई हिला, आणि तिच्यानंतर मुलगी ज्योत्स्ना हिला. सिंधुबाईने चोपन्न वर्षे माझ्या हातोड्याची ठोकठोक सोसली. आता घरात शांतता होईल, ती तिने उपभोगावी. हे वाक्य वाचून दाखवले तर म्हणाली, "शांतता घिऊन काय करू मी? बसा गप." आणि उठून आत गेली.

२. ऐरण, पत्र्याच्या कात्र्या, रिव्हेट मारायचे सगळे सामान ज्योत्स्नाची मुलगी सायली हिला. आमच्या घरात दोनदा मोजून एकदा कापणारी तीच एक आहे. पेटीच्या तळाशी पोलाद कापायच्या करवतीच्या दोन कोऱ्या पात्या आहेत, त्या मात्र तिला देऊ नयेत. त्यांचे पुढे येईल.

३. परसात शेडखाली डकोटा विमानाच्या तोंडाची डावी बाजू उभी आहे. ती माझ्याकडे कशी आली हे लिहिणे भाग आहे. माझे वडील आश्रुबा दुसऱ्या मोठ्या लढाईच्या काळात हैदराबादकडे विमानतळावर फिटर होते. लढाई संपली, भंगाराचा लिलाव झाला. बाकीच्यांनी तांबे-पितळ उचलले. आमच्या वडिलांनी एका डकोटाचे तोंड घेतले, म्हणजे दोन वैमानिक शेजारी शेजारी बसतात ती पुढची खोली. दोन खुर्च्या, काचा, घड्याळांची पाटी आणि मधोमध इंजिनाचे दांडे, सगळे सगळे. घाटाखालून चार बैलजोड्या लावून त्यांनी ते वर ओढून आणले. आई, छबुबाई, दारातच म्हणाली, "हे कावून आणलंत?" वडील म्हणाले, "पोरं बसतील." पोरे तेव्हा झालीसुद्धा नव्हती.

पुढे झालो ते आम्ही दोघे भाऊ. मी थोरला, आणि नवनाथ धाकटा. त्याला सगळे नाथा म्हणतात. मी डावीकडे बसायचो, तो उजवीकडे. मी दांडे ओढायचो आणि तो काचेला नाक लावून ओरडायचा, "दादा, डोंगर आला, डोंगर!" की मी विमान वर घ्यायचो. इतक्या वर्षांत आम्ही एकदाही डोंगराला धडकलो नाही. वडील खाली उभे राहून विचारायचे, "आज कुठवर?" आणि चुलीपासून आईची हाक यायची, "उतरा आता, भाकर निवायली!" तसले सुख मला नंतर कशातच मिळाले नाही. लग्नातही नाही. सिंधुबाईने राग मानू नये.

४. वडील गेल्यावर १९८३ साली वाटणी झाली. जमीन, विहीर, बैल एका सकाळीच वाटून झाले. अडले ते विमानावर. मलाही हवे, त्यालाही हवे. पंच म्हणून बसलेले आप्पा (ते आता हयात नाहीत, त्यांच्यावरचा माझा राग अजून आहे) वैतागून म्हणाले, "म्हैस हाय का ही? करा दोन तुकडे. निम्मं निम्मं." आमच्याकडे रीत अशी की थोरल्याने वाटे घालायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. त्यामुळे थोरल्याला लबाडी करता येत नाही, असे म्हणतात. मी केली. रेघ मधोमध मारायची ती मी वीतभर उजवीकडे मारली, म्हणजे सगळे दांडे डाव्या बाजूला आले. सांगताना सांगितले की दांडे पोलादी आहेत, त्यांच्यातून करवत जाणार नाही. त्या दोन कोऱ्या पात्या तेव्हा माझ्या पेटीत होत्या. आणि नाथा उजवी बाजूच उचलणार हे मला पक्के ठाऊक होते, कारण लहानपणापासून ती त्याची जागा होती.

त्याने ती उचलली आणि एक शब्द बोलला नाही. युसूफ वडगावला घर केले आणि विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला त्या बाजूचे छप्पर केले. बेचाळीस वर्षे आम्ही लग्नात आणि मयतीत भेटलो, आणि एकदा मी त्याच्या घरी गेलो ते खाली येईल, तेवढेच. ही लबाडी मी आजवर सिंधुबाईलाही सांगितली नाही. मला त्या लबाडीची लाज वाटते.

५. दुकान बंद केल्यावर सहा वर्षे मी डावी बाजू दुरुस्त केली. रंगाचे थर खरवडता खरवडता खुर्चीखाली मूळचा हिरवा रंग सापडला. केजच्या रंगवाल्याने तो चौथ्या खेपेला जुळवला. आधीच्या तीन खेपांना मी त्याला शिव्या दिल्या, त्या मागे घेतो. सडका पत्रा काढून नवा घातला, एकेक रिव्हेट हाताने मारला. घड्याळांच्या पाटीमागे चिमणीने घरटे केले होते, तर पिले उडेपर्यंत काम बंद ठेवले. दांडे तेल पाजून पाजून मोकळे केले. ओढले की वडिलांच्या वेळेसारखाच खट् आवाज येतो. पण एकट्याने ओढून काय करू? उजवीकडे पाहिले की शेडचा खांब दिसतो.

काम सुरू करतानाच मी नाथाकडे गेलो होतो. त्याने विचारले, "दादा, माझी बाजू मागायला आलास, का दुसरं काही सांगायला?"

मी म्हणालो, "बाजू मागायला."

"मग न्हाई देत."

चहा पिऊन परत आलो.

६. म्हणून माझी डावी बाजू, दांड्यांसह, नाथाला द्यावी. कापलेल्या कडेला जोडणीची एकशे अठरा भोके पाडून ठेवली आहेत. त्याला जोडायची नसेल तर तीही त्याने स्टार्टरवर ठेवावी, माझी तक्रार नाही. त्या दोन पात्या त्याच्यासमोर मोडाव्यात.

पुरवणी (त्याच दिवशी, सह्या होण्याआधी)

वरचा सगळा मजकूर वकिलांनी मोठ्याने वाचला. साक्षीला डॉक्टर आणि शेजारचे अंगदराव बसले होते. नाथाला मी नुसते ऐकायला बोलावले होते. कलम चार चालू असताना तो खाली मान घालून बसला. वाचून झाल्यावर म्हणाला, "दांडे तिकडं गेले ते मला दिसलं न्हाई व्हय? पण डावीकडं बसून मी काय करू? माझी जागा उजवी."

मी विचारले, "मग कावून बोलला न्हाईस?"

"तू बोलशील म्हणून थांबलतो. लई येळ लावलास, दादा."

मला रडू आले, ते इथे नोंदवतो. त्यालाही आले, पण तो नाही म्हणेल.

मग साक्षीची सही स्वतः करायला त्याने अंगदरावांच्या हातातला पेन काढून घेतला. वकील म्हणाले, ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, उद्या कुणी हरकत घेईल. नाथा म्हणाला, "खोडा मग माझा वाटा. वाटे लई झाले आपले."

सबब कलम सहा रद्द. नाथा उद्या त्याची बाजू ट्रॅक्टरवर घालून आणणार आहे. ती तो वेगळ्या कागदाने आमच्या नातींना देईल. माझी बाजू मी सायलीला आणि नाथाची नात संस्कृतीला, दोघींना मिळून देतो. जोडल्यावर ते तोंड पुन्हा कुणीही, कुठल्याही पंचाच्या सांगण्यावरून, कापू नये. पात्या मोडल्या. एक मी मोडली, एक त्याने.

वकील म्हणतात, लिहून ठेवणाऱ्याने सही उजवीकडे करायची असते. मी डावीकडे केली आहे. उजवीकडची जागा माझी नाही.

ठिकाण: धारूर, जिल्हा बीड
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार: डॉ. दिपाली शिनगारे, धारूर (सही)

डावीकडे: राधाकिशन आश्रुबा तिडके (सही)

उजवीकडे, साक्षीदार: नवनाथ आश्रुबा तिडके, युसूफ वडगाव (सही)
सहीखाली त्याच्याच अक्षरात: समोर डोंगर न्हाई, दादा.